अंग चोरणं थांबत नाहीये : स्तनाच्या ऑपरेशननंतर शरीर सैल सोडायला कुठून सुरुवात केलीत?

रेघोट्या · पहाटे 4.12

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. एका हाताने टाइप करतेय, डावा हात उशीवर आहे. चुका सांभाळून घ्या.

पाच आठवड्यांपूर्वी स्तनाच्या कर्करोगासाठी डाव्या बाजूची मॅस्टेक्टॉमी झाली, म्हणजे पूर्ण स्तन काढला. काखेतल्या गाठीही (लसिकाग्रंथी) काढल्या. ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी, बाराव्या दिवशी निघाला, टाक्यांची जागा कोरडी आहे, रिपोर्ट बघून डॉक्टर समाधानी आहेत. कागदावर सगळं छान.

आता माझं रडगाणं. छातीभोवती ओलं फडकं घट्ट गुंडाळून ते तसंच वाळू दिलंय, असं आवळल्यासारखं वाटतं. दंडाच्या आतल्या बाजूला बोट लावलं तर बधीर, आणि तिथेच बाही घासली की भाजल्यासारखं होतं. एकाच जागी दोन्ही कसं? रात्री कूस बदलता येत नाही. आणि सगळ्यात त्रासाचं म्हणजे मी दिवसभर अंग चोरून बसते. खांदा कानाशी, कोपर बरगडीला चिकटलेलं. कुणीतरी येऊन धक्का देणार आहे अशा तयारीत. संध्याकाळपर्यंत मान आणि पाठ इतकी भरून येते की जखम बरी म्हणायची वेळ येते.

दवाखान्यात म्हणाले, "रिलॅक्स राहा." राहते की, पण कसं ते कुणी सांगेल का? एकदा फोनवर ध्यानाचं रेकॉर्डिंग लावलं होतं. पावलं, पोटऱ्या, मांड्या इथवर बरं चाललं होतं. मग ती बाई गोड आवाजात म्हणाली, "आता लक्ष छातीकडे आणा", आणि मला हुंदकाच फुटला. ते बंद केलं ते परत लावलं नाही.

गोळ्या चालू आहेत, त्याबद्दल विचारत नाहीये. तुम्ही स्वतः काय केलंत ते हवंय.

---

जुनी_वही · सकाळी 7.40

अगं रेघोट्या, पहाटे चार वाजता एका हाताने लिहिलेलं वाचलं आणि मी आठ वर्षं मागे गेले. माझं ऑपरेशनही डाव्याच बाजूचं.

आधी ते रेकॉर्डिंग. ते निरोगी माणसांसाठी केलेलं असतं गं, त्यातल्या बाईला काय माहीत तुझ्या छातीवर काय झालंय. मी माझ्या बहिणीला कागदावर लिहून दिलं होतं: पाय, पोट, उजवा हात, चेहरा, संपलं. छाती गाळली. डावा हातही गाळला. तिने रोज रात्री तेवढंच वाचलं. तीन आठवडे छातीचं नावही काढलं नाही. मग एक दिवस मीच म्हटलं, आज डाव्या हाताची बोटं घे. पुढे मनगट, कोपर. छातीपर्यंत पोचायला मला जवळजवळ तीन महिने लागले आणि पोचले तेव्हा फार काही झालं नाही. घाई करायची नाही एवढंच.

दुसरं, तुझा खांदा वर आहे हे तुला कळतं, पण जबडा कसा आहे ते बघितलंस का? आत्ता, हे वाचताना. माझे दात दातांवर घट्ट बसलेले असायचे. जीभ टाळूला चिकटलेली. खांदा खाली घ्यायचा प्रयत्न केला की तो हट्टाने वर जायचा, पण जबडा सोडला, ओठ मिटलेले ठेवून दात सुटे केले, जीभ खाली पडू दिली, की खांदा आपला आपण बोटभर उतरायचा. असं का होतं ते इथले जाणकार सांगतील. मी दारावर, आरशावर, फोनच्या मागे छोटे निळे ठिपके चिकटवले होते. ठिपका दिसला की दात सुटे. घरच्यांना वाटलं हिचं डोकं फिरलं.

---

सांधेदुरुस्ती · सकाळी 9.05

मी फिजिओथेरपिस्ट आहे, यातले पेशंट रोज बघतो. रेघोट्याताई, तुम्हाला न तपासता लिहितोय, तेव्हा तुमच्या सर्जनने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

बधीर आणि भाजल्यासारखं, दोन्ही एकाच जागी. काखेतून दंडाच्या आतल्या बाजूला जाणारी इंटरकॉस्टोब्रेकियल नावाची एक बारीक नस असते. काखेतल्या गाठी काढताना ती बरेचदा ताणली जाते किंवा कापावी लागते. ती फक्त संवेदना नेणारी आहे, हाताच्या ताकदीशी तिचा संबंध नाही. दुखावलेली नस खरा स्पर्श नीट पोचवत नाही, म्हणून बधिरपणा. आणि मधूनच स्वतःहून चुकीचे निरोप पाठवते, म्हणून आग. बाहीचं घासणं तिला चटक्यासारखं वाटतं.

अंग चोरण्याचं म्हणाल तर ते शरीराने शहाणपणानेच सुरू केलेलं असतं. पहिले काही दिवस जखम वाचवायला ते बरंच आहे. पण नंतरही छातीचा मोठा स्नायू आखूड स्थितीतच राहतो, खांदा पुढे झुकतो आणि मानेच्या स्नायूंना दिवसभर ओझं वाहावं लागतं. जबड्याबद्दल जुनी_वहींनी लिहिलंय ते मी पेशंटमध्येही बघतो. माणूस ताणात असला की जबडा आणि मान एकदमच आवळतात.

आता कामाचं. एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने एक पद्धत बसवली, 1929 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. एकेक स्नायू आधी मुद्दाम आवळायचा आणि मग सोडायचा, म्हणजे सोडणं म्हणजे काय ते शरीराला कळतं. सैल हो म्हणून सैल न होणाऱ्यांसाठी ही पद्धत चांगली. पाच-सात सेकंद आवळा, मग वीसेक सेकंद नुसतं सोडलेलं अनुभवा. मात्र तुमच्या बाबतीत फरक हा, की ऑपरेशनच्या बाजूची छाती, खांदा आणि दंड आवळायचे नाहीत, निदान सर्जन मोकळीक देईपर्यंत. तिथे फक्त सोडण्याचा भाग करायचा. बाकी अंग आवळा, पण बेताने. सगळा जोर लावायचा नसतो, निम्म्याहून कमी पुरतो.

त्याआधी हाताला आधार हवाच. लोंबकळता हात खांद्याला खेचत राहतो आणि मग कितीही श्वास घ्या, स्नायू सुटत नाही. पाठीवर झोपा किंवा रेला, डावा हात कोपरापासून पंजापर्यंत उशीवर, पंजा हृदयापेक्षा वर. त्याच स्थितीत मूठ 15 ते 25 वेळा सावकाश उघडा-मिटा. याने हातातली सूजही उतरायला मदत होते. काखेत धरायची मऊ, बदामाच्या आकाराची उशी मिळते किंवा घरी शिवता येते. तिने दंड आणि जखम यांच्यात अंतर राहतं.

श्वास पोटाने. उजवा हात पोटावर ठेवा, आत घेताना हात वर आला पाहिजे. मनात चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. बाहेरचा लांब, हे महत्त्वाचं, कारण उच्छ्वासाच्या वेळी हृदयाचे ठोके मंदावतात. छाती दुखते म्हणून तुम्ही वरवरचे श्वास घेत असणार, आणि तसे श्वास मानेच्या स्नायूंनीच घेतले जातात. त्यांना सुट्टी मिळेल.

---

ठोकताळा · सकाळी 11.30

स्पष्ट लिहितो, राग नसावा. माझ्या आईच्या वेळी असे सल्ले देणारे खूप भेटले. श्वास घ्या, मन शांत ठेवा, सकारात्मक राहा. एकीने तर गोळ्या विष आहेत सांगून तिच्या बंद करवल्या. आई आठ दिवस कण्हत राहिली आणि वर "माझंच मन कमकुवत" म्हणून अपराधी वाटून घेत होती. फाटलेल्या नसेचं दुखणं मोजून श्वास घेतल्याने जातं यावर माझा विश्वास नाही. ताईंनी सरळ डॉक्टरांना सांगून औषध वाढवून घ्यावं.

---

रेघोट्या · सकाळी 11.52

ठोकताळा, "माझंच मन कमकुवत" हे अगदी ओळखीचं वाटलं. मलाही रिलॅक्स होता येत नाही म्हणजे मी नापास असं वाटतं. आईंना आता बरं आहे ना?

---

गुंगीवाली · दुपारी 2.20

ठोकताळा, तुमच्या आईंच्या गोळ्या बंद करवणाऱ्या बाईंवर मीही चिडले असते. भूल देणं हाच माझा व्यवसाय, तेव्हा औषधांच्या बाजूने माझं मत पक्कं आहे. पण तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्यावर थोडं भांडते.

1965 मध्ये मेलझॅक आणि वॉल या दोघांनी मांडलं की दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत एक फाटक लागतं. त्या कल्पनेचे तपशील पुढे बदलले, पण मूळ गोष्ट टिकली: ते फाटक किती उघडायचं हे खालून येणारा स्पर्शही ठरवतो आणि वरून, मेंदूकडून येणारे निरोपही. लागलं की आपण चोळतो ते याचसाठी. भीती, जागरण, आवळलेलं अंग यांनी फाटक सताड उघडं राहतं. नस दुखावलेलीच राहते, ते कुणी नाकारत नाही. पण तेच दुखणं रात्री तीनला दहापैकी दहा वाटतं आणि दुपारी कुणी गप्पा मारायला आलं की पाच, हा अनुभव प्रत्येकाला आहे.

यावर कामही झालंय. 2007 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 200 स्त्रिया होत्या, स्तनाची बायोप्सी किंवा गाठ काढण्यासाठी आलेल्या. काहींना ऑपरेशनच्या आधी पंधरा मिनिटं संमोहनाचं सत्र दिलं, म्हणजे शिथिल करून सुखद चित्रं डोळ्यांपुढे आणायला लावली. बाकीच्यांचं मानसशास्त्रज्ञाने तेवढाच वेळ नुसतं ऐकून घेतलं. पहिल्या गटाला गुंगीचं औषध कमी लागलं, आणि नंतरचं दुखणं, मळमळ, थकवा कमी होता. मॅस्टेक्टॉमीला ते जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणणार नाही, ती मोठी शस्त्रक्रिया आहे. आणि 2023 मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी व सोसायटी फॉर इंटिग्रेटिव्ह ऑन्कॉलॉजी यांनी मिळून चिंता आणि उदासीसाठी ज्या शिफारशी केल्या, त्यात माइंडफुलनेस (चालू क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याचा सराव) आहे, उपचार चालू असतानाही आणि नंतरही.

माझं व्यवहारातलं सांगणं: गोळी विरुद्ध श्वास असा सामना लावूच नका. गोळी वेळेवर घ्या आणि तिचा असर सुरू झाला की, म्हणजे साधारण अर्ध्या-पाऊण तासाने, शिथिलीकरणाला बसा. ठणका ऐन भरात असताना शिकायला बसणं म्हणजे पुरात पोहायला शिकणं. रेघोट्याताई, तुम्ही तेच केलं असावं असा माझा अंदाज.

आणि नसेचं दुखणं तीन महिन्यांपुढे रेंगाळलं तर गप्प बसू नका. त्याला वेगळी औषधं असतात, साध्या वेदनाशामक गोळ्या त्यावर बरेचदा पुऱ्या पडत नाहीत. "इतक्या मोठ्या आजारातून वाचले, आता हे काय सांगायचं" असं म्हणून बायका वर्षानुवर्षं सोसतात.

---

ठोकताळा · दुपारी 3.10

गोळीनंतर बसा, हे पटलं. बाकीचं वाचून विचार करतो. आई बरी आहे, विचारल्याबद्दल आभार.

---

मागचा_बाक · रात्री 9.45

बायकोचं ऑपरेशन होऊन सात महिने झाले. नवऱ्याच्या बाजूने दोन गोष्टी, एक चुकलेली आणि एक जमलेली.

चुकलेली आधी. तिची पाठ आणि काखेमागची बाजू आखडायची म्हणून मी गरम पाण्याची पिशवी धरली. तिला विचारत होतो, चटका बसतोय का? ती म्हणत होती, नाही, छान वाटतंय. छान वाटणारच, तिथलं कातडं बधीर होतं! दुसऱ्या दिवशी तिथे रुपयाएवढा फोड. डॉक्टर मला जे बोलले ते इथे लिहीत नाही. बधीर जागेवर शेक नाही, बर्फही नाही. ज्याला कळतच नाही त्याला विचारून उपयोग काय.

जमलेली म्हणजे रेकॉर्डिंग. तिलाही परक्या आवाजाची ती रेकॉर्डिंग्ज सहन होत नव्हती, म्हणून मी माझ्या आवाजात करून दिलं. पहिलं फारच घाईत झालं, ती म्हणाली, बातम्या वाचतोयस. दुसऱ्या वेळी प्रत्येक वाक्यानंतर मी स्वतः दोन श्वास घेतले आणि मगच पुढचं वाक्य वाचलं, तेव्हा वेग बरोबर आला. अकरा मिनिटांचं झालं. त्यात सातव्या मिनिटाला दाराची बेल वाजते आणि मी हळूच "थांबा हो" म्हणतो तेही आलंय. नवीन करतो म्हटलं तर नको म्हणाली. बेल वाजली की आता तिला कळतं, निम्म्याहून जास्त झालं.

---

रेघोट्या · चौथा दिवस, दुपारी 12.15

सगळ्यांचं वाचलं, काही गोष्टी करून बघितल्या. जमाखर्च देते.

उशीवर हात ठेवून मूठ उघडणं-मिटणं: जमतंय, आवडतंय. दात सुटे ठेवणं: दिवसातून पन्नास वेळा आवळलेले सापडतात, जुनी_वही, तुझे ठिपके आमच्याही घरात लागले. गोळीनंतर अर्ध्या तासाने बसणं: फरक आहे, खरंच आहे.

न जमलेलं: पाय आवळताना पोटरीत असा गोळा आला की ओरडले. आणि डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिलं की धडधड वाढते. श्वास मोजायला लागलं की तो अपुरा वाटायला लागतो. परवा तर उठून खिडकीत जाऊन उभी राहिले. सगळ्यांना शांत वाटतं त्यात मलाच घाबरं का होतं?

---

सांधेदुरुस्ती · दुपारी 1.00

गोळा आला कारण पाऊल खाली ताणलंत, पोटरीचा स्नायू आखूड झाला. पावलं स्वतःकडे खेचून आवळा, गोळा येणार नाही. आणि जोर अजून कमी.

---

अबोली_पण_बोलकी · दुपारी 1.35

घाबरं होणारी तू एकटी नाहीस. शिथिल व्हायला गेलं की उलट चिंता वाढणं हे काही जणांना होतंच, आणि आपल्यासारख्यांना जास्त होणार. आधीच शरीराने दगा दिल्यासारखं वाटतंय, त्यात डोळे मिटून त्याच शरीरात एकटीने बसायचं!

डोळे मिटायची सक्ती नाही. मी उघडेच ठेवायचे. भिंतीवर उन्हाचा एक चौकोन पडायचा, त्याची कड कुठवर सरकली तेवढंच बघायचं. श्वास मोजायचा नाही. तळवा चादरीवर सावकाश फिरवायचा आणि शिवण लागली की थांबायचं. लक्ष अंगाबाहेर ठेवायचं. पाच मिनिटं पुष्कळ झाली, मला पहिले पंधरा दिवस तीनच जमली.

मला खरा उपयोग झाला तो गुणगुणण्याचा. भ्रामरी म्हणतात ना, ती. पुस्तकातल्यासारखी करायला गेले तर दोन्ही हात वर करून कानात बोटं घालायची, आणि डावा हात तर वेणीपर्यंतही पोचत नव्हता. म्हणून हात उशीवर तसेच ठेवले, कान उघडे, ओठ मिटून नुसतं म्म्म्म. गुणगुणताना बाहेरचा श्वास आपोआप लांबतो, मोजावा लागत नाही. पण त्याहून एक झालं. तो आवाज छातीच्या हाडात घुमतो, आणि टाक्यांच्या आसपास, जिथे महिनाभर फक्त बधिरपणा आणि ओढ होती, तिथे मला एक बारीक थरथर जाणवली. आतून आलेली. त्या जागेतून दुखण्याखेरीज काहीतरी पहिल्यांदाच आलं होतं. मी स्वर खाली-वर करून ती थरथर कुठवर सरकते ते बघत बसले. खालच्या स्वरात छातीत खोल, वरच्या स्वरात नाकात. त्या दिवशी वीस मिनिटं कशी गेली कळलं नाही.

---

जुनी_वही · दुपारी 2.05

अबोली, हे मला आठ वर्षांपूर्वी का नाही भेटलं कुणी सांगायला! आत्ता खुर्चीत बसून म्म्म्म करून पाहिलं. नातू म्हणतो, आजी, फोन व्हायब्रेट होतोय.

---

सदरा_क्र_40 · रात्री 10.30

संकोच करत होतो, लिहितोच. मी पुरुष आहे आणि मलाही हाच कर्करोग झाला. शंभरात एखादाच असतो, तो मी. वॉर्डात सगळ्या बायका, आणि मला बघून प्रत्येक जण विचारायचा, "पेशंट कुठे आहेत?"

माझा त्रास कपड्यांचा होता. शर्ट टेकला की आग. आमच्या फिजिओने एक उपाय दिला. जखम पूर्ण भरल्यावर, बंद झालेल्या कातड्यावर, आधी अगदी तलम रेशमी कापड एक-दोन मिनिटं हलकेच फिरवायचं, दिवसातून चार-पाच वेळा. ते सोसायला लागलं की सुती, मग जरा खरखरीत, शेवटी टॉवेल. नसेला पुन्हा सांगायचं की हा चटका नव्हे, कापड आहे. मला टॉवेलपर्यंत यायला दोन महिने लागले. ते करताना मी वाद्यसंगीत लावायचो, कारण शब्द आले की मी ते ऐकत दात आवळायचो. (दात इथेही आलेच.)

---

रेघोट्या · सहावा दिवस, सकाळी 8.20

सदरा, लिहिलंत ते फार बरं केलंत. तुमच्यामुळे रेशमी रुमाल कपाटातून बाहेर आला.

नवा प्रश्न. पुढच्या पंधरवड्यात रेडिएशनचं प्लॅनिंग आहे. हात डोक्यावर ठेवून स्थिर पडून राहायचंय म्हणे. माझा हात खांद्याच्या रेषेवर आला की काखेतून कोपरापर्यंत तार ताणल्यासारखं होतं, कातडीखाली चक्क दोरी दिसते. ती तुटेल या भीतीने मी अजूनच आवळते.

---

सांधेदुरुस्ती · सकाळी 9.10

दोरी दिसणं हे काखेतल्या गाठी काढल्यावर बऱ्याच जणींना होतं. त्याला कॉर्डिंग म्हणतात. ऑपरेशननंतर काही आठवड्यांत उगवतं आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत विरतं. त्यामुळे हात हलवणं बंद करू नका, तेच सगळ्यात वाईट. पण प्लॅनिंगची तारीख जवळ आहे, तर या आठवड्यातच प्रत्यक्ष फिजिओला दाखवा. आणि रेडिएशनवाल्यांनाही आधीच सांगा की हात पूर्ण जात नाही, ते आधार देतात, गरज पडल्यास थोडं थांबतात.

तोवर घरी: पाठीवर झोपा, उजव्या हाताने डावं मनगट धरा आणि दोन्ही हात मिळून डोक्याकडे न्या. ताण जाणवेल तिथे थांबा, वेदनेपर्यंत जाऊ नका. थांबल्या जागी एक लांब उच्छ्वास सोडा. उच्छ्वासाबरोबर हात स्वतःच अर्धा-एक इंच पुढे गेला तर जाऊ द्या, ढकलू नका. पाच वेळा, दिवसातून दोन-तीनदा.

---

जुनी_वही · सकाळी 9.50

आणि डावी बाजू आहे म्हणून एक सांगते, ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. डाव्या बाजूच्या रेडिएशनला काही ठिकाणी खोल श्वास आत घेऊन साधारण वीस सेकंद धरायला लावतात. फुप्फुस फुगलं की हृदय किरणांच्या वाटेतून जरा दूर सरकतं. मला त्या टेबलावर पहिल्याच दिवशी ते सांगितलं आणि माझी तारांबळ उडाली. तुझ्याकडे ती सोय आहे का विचारून घे. असेल तर आत्तापासून आरामात सवय कर, धरताना खांदा कानाकडे जाऊ द्यायचा नाही. आणि हो, दात.

---

गुंगीवाली · सकाळी 10.15

इथे वाचून करणाऱ्या सगळ्यांसाठी एक पोस्ट टाकून ठेवते. ताप आला, जखम किंवा हात लाल होऊन तापला, टाक्यांतून पाणी-पू आला, हाताची सूज एकदम वाढली किंवा अंगठी-बांगडी अचानक घट्ट झाली, छातीत दुखून दम लागला, तर शिथिलीकरण बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर. दम लागला तर त्याच क्षणी. अंग चोरण्याचं दुखणं बसायची तऱ्हा बदलली, आधार दिला की थोडं तरी हलतं. जे कशानेच हलत नाही आणि रोज वाढतं, ते दाखवायचं.

---

ठोकताळा · रात्री 8.00

आईला धागा वाचून दाखवला. गुणगुणण्याचा भाग तिने दोनदा वाचायला लावला. ती आता आतल्या खोलीत म्म्म्म करतेय. मी अजून मतं बदललेली नाहीत, नोंद घ्यावी.

---

नवी_पालवी · तिसरा आठवडा, पहाटे 3.30

सगळा धागा एका दमात वाचला. माझा आज सहावा दिवस. ड्रेन आहे अजून, नळी ओढली जाईल या भीतीने मी लाकडासारखी पडलेय. यातलं आत्ता काय करू? की ड्रेन निघेपर्यंत काहीच नको?

---

रेघोट्या · पहाटे 3.41

पालवी, जागीच आहेस ना, मग वाच. ड्रेनची बाटली झोपेच्या कपड्याला पिनेने अडकव, अशी की नळीला थोडी ढील राहील. मग ओढली जायची भीती तिथेच अर्धी कमी होते. हात खांद्याच्या वर नेऊ नकोस, बाकी किती हलवायचा ते सकाळी सर्जनला विचार. आत्ता फक्त डावा-उजवा जो ऑपरेशनचा हात असेल त्याच्याखाली कोपरापासून पंजापर्यंत उशी सरकव. कुणाला उठवावं लागलं तरी उठव.

झालं? आता पावलं. बोटं स्वतःकडे खेच, अगदी थोडी. सोड. परत. छातीकडे यायचं नाहीये आपल्याला, गुडघ्यांच्या वरही जायचं नाहीये आज. मी इथेच आहे अजून वीसेक मिनिटं, झोप लागली तर उत्तर देऊ नकोस.